लाखोरी, जवस आणि आमच्यातले इतर

प्रमाण मराठी जिला लाख किंवा लाखोळी म्हणते, ती आमच्या झाडीपट्टीत लाखोरी होते. झाडीबोलीला ळ ठाऊक नाही. काळा तिथे कारा होतो, तशीच लाखोळीची लाखोरी. भंडारा जिल्ह्यात या कडधान्याची शेती म्हणावी अशी शेती नसतेच. धान कापणीला यायच्या थोडे आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात तिचे बी फेकून द्यायचे. नांगर नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापून नेले की उरलेल्या खुंटांमधून हे रोप आपले आपण वर येते. या रीतीला उतेरा म्हणतात. जवसही पुष्कळदा असाच येतो, आणि डिसेंबरात त्याची निळी फुले उमलली की धान गेलेल्या बांध्या पुन्हा एकदा पाण्याने भरल्यासारख्या दिसतात. लाखोरीचे कोवळे शेंडे खुडून भाजी होते, ती वाळवून पुढच्या महिन्यांसाठी ठेवतात. डाळ होते, पिठाचे वडे होतात. या जिल्ह्यातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या ‘वरण’ या शब्दाचा अर्थ तुरीचे वरण असा नव्हता. तूर धुऱ्यावर यायची आणि ती बहुधा विकायची असायची.

एवढे लांबण लावण्याचे कारण असे, की आमच्या वडिलांच्या हृदयाच्या एका धमनीत जाळी बसवल्यानंतर नागपूरच्या एका रुग्णालयाने आहाराचा जो छापील तक्ता हाती दिला, त्यात यांपैकी एकही शब्द नव्हता. ओट्स होते, ऑलिव्ह तेल होते, अक्रोड होते, ‘ब्राऊन ब्रेड’ होता. तक्ता समजावून सांगणाऱ्या तरुण डॉक्टरांना आईने विचारले, “लाखोरी चालते का जी?” त्यांना तो शब्दच कळला नाही. आम्ही प्रमाण भाषेत भाषांतर केल्यावर ते दचकून म्हणाले, “ती तर विषारी डाळ!” आई एवढेच म्हणाली, “आमी त जनमभर खाल्ली.”

दोघांचीही विधाने खरी आहेत, आणि त्या दोन सत्यांच्या मधल्या जागेत गेली काही वर्षे आम्ही वाचत बसलो आहोत. साहित्याच्या शिक्षकाने जीवरसायनशास्त्रात नाक खुपसावे की नाही, हा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारून झाला आहे. असो.

विषाची बाजू आधी. आयुर्वेदात कलायखंज नावाचा व्याधी आहे: कलाय म्हणजे वाटाण्याच्या कुळातले कडधान्य, खंज म्हणजे लंगडा. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून जो आपल्याला माहीत आहे, त्या स्लीमनने १८४४ च्या आपल्या ग्रंथात सागर प्रदेशातील हकिगत लिहून ठेवली आहे. १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे गारपीट, अवर्षण आणि रोग यांनी गहू बुडाला. टिकली ती फक्त लाखोरी. लोकांनी तीच खाल्ली, आणि १८३३ पासून गावातली तरुण माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. हात शाबूत, बुद्धी शाबूत, पाय मात्र कायमचे गेलेले. स्पेनमध्ये गोयाने युद्धावरच्या आपल्या चित्रमालिकेत १८११-१२ च्या माद्रिदमधल्या दुष्काळाचे एक चित्र काढले आहे. त्याचे शीर्षकच ‘लाखोरीची कृपा’ अशा अर्थाचे आहे. भुकेले लोक तिच्या पिठाच्या लापशीभोवती गोळा झाले आहेत आणि एक स्त्री जमिनीवर आडवी पडली आहे. वर्गात उपरोध शिकवताना आम्ही हे उदाहरण देतो. त्या शीर्षकात कृतज्ञता आणि शाप एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, आणि वेगळे काढण्याची घाई करणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही थोडे थांबवतो.

१९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. पेरण्यावर नव्हे, विकण्यावर. म्हणजे ज्याच्या बांधीत ती उगवत होती त्याने ती खावी, पण तिचा पैसा करू नये, असा तिचा व्यवहारातला अर्थ. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपली बंदी उठविली. केंद्राच्या २०११ च्या नियमावलीत मात्र मनाई राहिलीच. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण कृषिशास्त्रज्ञांनी तयार केले.

आता या कथेतला आम्हांस सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत याच बियांतून दोन द्रव्ये वेगळी काढली गेली. एक ओडॅप, मज्जापेशींना अतिउत्तेजित करून मारणारे हेच ते विष. दुसरे होमोआर्जिनिन. त्याचे नाव पुढची चार-साडेचार दशके वैद्यकात फारसे कोणी काढले नाही. मग २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी रुग्णांच्या दोन मोठ्या गटांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटात हृदयाच्या धमन्यांची तपासणी करून घेण्यास आलेले ३,३०५ लोक होते, दुसऱ्यात डायलिसिसवरचे १,२४४ मधुमेही. दोन्हींत ज्यांच्या रक्तात होमोआर्जिनिन कमी, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले. हे द्रव्य आपले शरीर स्वतःही बनवते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड ज्या आर्जिनिनपासून बनतो, त्याचे हे सख्खे भावंड. आणि आहारातून ते भरपूर देणारे, माणसाच्या खाण्यातले ठळक धान्य कोणते, तर लाखोरी.

येथे उड्या मारायच्या नाहीत. रक्तात एखादे द्रव्य कमी असणे आणि मृत्यू जवळ असणे या गोष्टी सोबत चालतात, म्हणून ते द्रव्य खाल्ल्याने मृत्यू लांबेल असे होत नाही. आजारी मूत्रपिंडेही होमोआर्जिनिन कमी बनवतात. कमतरता हे कारण नसून खूणही असू शकेल. कार्यकारणाचा हा फरक आम्ही कादंबरीच्या कथानकासंबंधी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. वडिलांच्या ताटासंबंधी तो लागू करताना मात्र मन आईच्या बाजूने झुकते, हे येथे नोंदवून ठेवतो.

जवसाचा पुरावा याहून भक्कम आहे, आणि त्यात एक तिसरा पक्ष येतो. जवसात लिग्नान नावाची द्रव्ये असतात. ती आपल्याला जशीच्या तशी फारशी उपयोगी पडत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांची मोडतोड करून एंटेरोडायॉल आणि एंटेरोलॅक्टोन ही नवी द्रव्ये घडवतात, आणि ती रक्तात उतरतात. फिनलंडमधील पुरुषांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ज्यांच्या रक्तात एंटेरोलॅक्टोन जास्त, त्यांना हृदयाचे झटके कमी आल्याचे दिसले. तिथे ते राईच्या भाकरीसारख्या अन्नातून येते, आमच्याकडे जवसाच्या चटणीतून. त्याच देशात पुढे असेही आढळले, की प्रतिजैविके घेतलेल्या लोकांत एंटेरोलॅक्टोन कमी होते. म्हणजे बी तेच, खाणाराही तोच; पण आतला कारागीर मेला, तर वस्तू घडत नाही. कॅनडातील २०१३ च्या एका चाचणीत पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांपैकी काहींना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेले जवस दिले, काहींना दिले नाहीत. ज्यांना दिले त्यांचा वरचा रक्तदाब इतरांच्या तुलनेत सुमारे १० अंकांनी आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी भरला. हे श्रेय एकट्या लिग्नानांचे नव्हे. जवसातल्या स्निग्धाम्लांचाही त्यात वाटा आहे. ‘दळलेले’ हा शब्द महत्त्वाचा. अख्खे जवस पोटातून पुष्कळसे तसेच निघून जाते. भाजून, कुटून चटणी करणाऱ्या बायकांना चाचणीची गरज पडली नव्हती.

मराठी निबंधकार स्वतःला ‘आम्ही’ म्हणवतो, यावर पुष्कळ थट्टा झाली आहे. अहंकार, संपादकी ऐट वगैरे. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला तेव्हा एका सर्वसाधारण पुरुषाच्या शरीरात मानवी पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी भरले. तेव्हा आमचे ‘आम्ही’ हे आता निव्वळ वर्णन आहे असे समजावे.

या आतल्या मंडळींचे सगळेच उपकार नव्हेत. २०११ पासून क्लीव्हलंड येथील संशोधकांनी दाखवून दिले, की अंडी आणि तांबडे मांस यांतल्या काही घटकांपासून हेच जीवाणू जो पदार्थ तयार करतात, त्याचे यकृतात टीएमएओ होते आणि ते धमन्यांच्या विकाराशी निगडित आहे. नेहमी शाकाहारी असणाऱ्याला मांसातले कार्निटिन दिले तरी त्याच्या पोटात हे फारसे घडत नाही. तिथे तसे कारागीर वाढलेलेच नसतात. यावरून कोणी शाकाहाराचा झेंडा उभारील, तर मासे आडवे येतात: माशात टीएमएओ आयतेच असते, तरी मासे खाणाऱ्यांचे हृदय त्याने बिघडल्याचे दिसत नाही. तलावांच्या जिल्ह्यात झिंगे आणि मरळ खाऊन वाढलेल्या आम्हांस या विसंगतीने बरे वाटले, एवढेच.

आता एक नावड स्पष्ट करतो. ‘पूर्वजांचा आहारच श्रेष्ठ’ असे म्हणणारे लेखन अलीकडे फार होते, आणि रात्री पाण्यात टाकून ठेवलेला भात (शेजारच्या छत्तीसगडात ज्याला बासी म्हणतात) हा आता कौतुकाचा विषय झाला आहे. थंड झालेल्या भातातला काही पिष्टांश पचत नाही, तो जीवाणूंच्या वाट्याला जातो आणि त्यापासून उपकारक आम्ले बनतात, हे खरेच. पण तो भात मिठाच्या खड्याशी आणि खारट लोणच्याशी खाल्ला जात होता, कारण दुसरे काही नव्हते. यावर आमच्या वर्गातली एक विद्यार्थिनी म्हणाली होती, “सर, आमच्या घरी लाखोरी आवडीनं नाही, मजुरीत मिळायची म्हणून खायचो.” तिच्या या वाक्यानंतर अन्नसंस्कृतीवरचे आमचे ठरलेले व्याख्यान त्या दिवशी पुढे गेले नाही. लाखोरीने पाय गेले ते प्रामुख्याने ज्यांना तिच्यावाचून दुसरे काही खायला नव्हते त्यांचे. तूर, भाजी, मासळी यांच्या सोबतीने थोडी खाणाऱ्यांचे नव्हे. विष बियात होते आणि त्याची मात्रा समाजव्यवस्था ठरवत होती.

घरात तडजोड झाली ती अशी. आठवड्यातून एखाद्या दिवशी लाखोरी, तीही तुरीत मिसळून. आई डाळ गरम पाण्यात भिजवते, ते पाणी फेकते, मग पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही ओतून देते. ओडॅप पाण्यात विरघळते, हे आम्ही तिला वाचून दाखवले तेव्हा तिने “मंग कायले फेकतो?” असा प्रतिप्रश्न केला. जवसाची चटणी रोज, मीठ निम्मे. वडिलांच्या गोळ्या एकही कमी केलेली नाही, आणि तो विषय घरात कोणी काढतही नाही.

प्रश्न वेगळाच उभा राहिला आहे. गोसीखुर्दच्या धरणाची कोनशिला १९८८ मध्ये बसली. कालव्याचे पाणी आता आमच्या शिवाराच्या जवळ आले आहे, आणि धाकट्या भावाला उन्हाळी धान घ्यायचे आहे. त्याचा हिशेब चोख आहे. दुसरे धान घेतले की पैसा येतो. उतेऱ्याला तिथे जागा राहत नाही. त्याच्या मुलीचे नागपूरचे वसतिगृह त्याच पैशावर अवलंबून आहे. आम्ही नोकरदार, बांधीत उतरत नाही, तेव्हा त्याला जीवाणूंची महती सांगायला आमची जीभ रेटली नाही. आईने मात्र धुऱ्यालगतची एक उंचावरची बांधी मागून घेतली आहे. यंदा तिच्यात अर्धी लाखोरी आहे, अर्धे जवस.