"पुढं वाढवू" म्हणालो, आणि पोरीचं नुकसान केलं

आमच्याकडं पेपर टाकणाऱ्या दादांची मुलगी गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला लागली. लॅपटॉप घ्यायचा होता. पतसंस्थेतून कर्ज काढलेलं, त्यामुळं बजेट ठरलेलं. दुकानात मला सोबत नेलं, कारण "साहेबांना त्यातलं कळतं".

दोन पर्याय होते. एकात 8 जीबी रॅम आणि 512 जीबीची एसएसडी. दुसऱ्यात 16 जीबी रॅम, पण पाच हजार जास्त. मी छातीठोकपणे सांगितलं, "8 वालाच घे. पुढं पैसे आले की रॅम वाढवू."

माझा अनुभव तसाच होता ना! 2016 साली घेतलेला माझा लॅपटॉप 4 जीबीचा. दोन वर्षांनी रॅमची आणखी एक पट्टी टाकली, लॉकडाऊनमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. आजही बातम्या त्याच्यावरच टाइप करतो.

परवा ती पोरगी आली. "काका, सॉफ्टवेअर उघडलं की सगळं अडकतंय. रॅम टाकून द्या ना." दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "साहेब, टाकू कुठं? रॅम मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलीय. जादा स्लॉटच नाही."

दादा काही बोलले नाहीत. कर्जाचे हप्ते अजून दीड वर्ष आहेत. मला मान वर करवेना.

कंपन्यांचंही एक म्हणणं आहे. अशी रॅम जागा कमी घेते, वीज कमी खाते, लॅपटॉप पातळ होतो. मान्य. पण मग ती बिघडली तर अख्खा मदरबोर्ड बदलायची पाळी येते, हेही खोक्यावर ठळक छापा की!

म्हणून लॅपटॉप घेणाऱ्यांनो, पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा. रॅम सुटी आहे की चिकटवलेली? रिकामा स्लॉट आहे का? एसएसडी बदलता येते का? माहितीपत्रकात "ऑनबोर्ड" किंवा "एलपीडीडीआर" दिसलं, तर बहुतेक वेळा ती रॅम चिकटवलेली असते. तशी असेल तर लागेल तेवढी रॅम पहिल्याच दिवशी घ्या. काटकसर एसएसडीत करा, ती बहुतेक लॅपटॉपमध्ये नंतर बदलता येते. दुकानदार "होईल की" म्हणाला, तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः बघा.

पण सगळा भार गिऱ्हाइकानंच का उचलायचा? फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसाठी 10 पैकी गुण लावावे लागतात. खोलायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, यावर ते ठरतात. आपल्याकडंही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये "राइट टू रिपेअर"साठी समिती नेमली, पोर्टल आणलं. पण तालुक्याच्या दुकानातल्या खोक्यावर गिऱ्हाइकाला काय दिसतं? फ्रिजवरचे स्टार बघून आपण वीजबिलाचा अंदाज घेतो. तसं लॅपटॉपवर "रॅम वाढवता येणार नाही" एवढं एक वाक्य मराठीत छापायला काय हरकत आहे?

ज्याच्याकडं पैसा आहे, तो नवा घेईल. "आत्ता थोडं, पुढं वाढवू" हा हिशेब गरिबाच्या घरचा असतो. नेमकी तीच वाट बंद होतेय.

तिच्यासाठी सध्या माझा जुना लॅपटॉप रोज संध्याकाळी मोकळा ठेवलाय. त्यातही 8 जीबीच आहे, पण निदान एक पट्टी काढून मोठी टाकता येते. उद्या तेवढं करून घेतो.

तुमच्या गावात असं कुणाचं झालंय का? कमेंटमध्ये लिहा.