फोटोत तूच दिसू दे

पेण, नागपंचमी

चि. ताई,

रोह्याजवळच्या धाटावच्या केमिकल कंपन्यांत अर्ज करायला लागलीस आणि लिंक्डइनवर प्रोफाइल उघडलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. काल रात्री पाहिलंही. शिक्षण, प्रोजेक्ट, लॅबमध्ये हाताळलेली उपकरणं, सगळं नेटकं लिहिलं आहेस. फोटो मात्र बदल. लग्नातला फोटो कापून लावलाय, शेजारच्याचा खांदा तसाच राहिलाय. ते एक वेळ चाललं असतं. पण फिल्टर लावून तू स्वतःला गोरी केलीस, ते मला लागलं.

माझ्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट साइझला येणाऱ्या मुली हळूच सांगतात, काका, जरा उजळ करा. मी करत नाही. उजेड नीट पडला की सावळा चेहरा फोटोत फार सुंदर येतो, आणि तुझा तर येतोच. शिवाय मुलाखतीच्या दिवशी टेबलापलीकडच्या माणसाने मोबाईलवर जी मुलगी पाहिली, तीच दारातून आत आली पाहिजे. तिथे त्याला क्षणभरही अडखळायला लावू नकोस. प्रिन्स्टन विद्यापीठात २००६ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग पाहूनच माणसं तो विश्वासू वाटतो की नाही हे ठरवून मोकळी होतात. हे न्यायाचं आहे असं मी म्हणत नाही. पण घडतं असं. लहानपणी रोह्यात राहिलेले सी. डी. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेव्हा त्यांची सही नोटेवरून घरोघर पोचली. चेहरा किती जणांनी पाहिला असेल? तुमच्या पिढीचा चेहरा अर्जाच्या आधी पोचतो.

सेल्फी नको. हात लांब केला तरी मोबाईल चेहऱ्याच्या जवळच राहतो, आणि जवळून काढलं की नाक फुगतं, कान मागे जातात. अमेरिकेत २०१८ साली याचा हिशेब मांडला गेला: बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं. कितीतरी मुली स्वतःच्या नाकावर रुसून बसतात, आणि दोष असतो अंतराचा. तेव्हा धाकट्या बहिणीच्या हातात मोबाईल दे. तिला पाच-सहा फुटांवर उभं कर, मागचा कॅमेरा वापरायला सांग आणि थोडं झूम करू दे. मोबाईल तुझ्या डोळ्यांच्या उंचीला हवा.

उजेडासाठी याहून चांगले दिवस मिळायचे नाहीत. श्रावणातलं ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, सर थांबली की पडवीच्या कडेला अंगणाकडे तोंड करून उभी राहा. पाठीमागे तुमची ती फिकट भिंत राहू दे, पण तिला टेकू नकोस, चार फूट पुढे ये. घरातली ट्यूबलाइट बंद कर. एकरंगी कुर्ता घाल. तो गडद निळा तुला शोभतो. चष्मा काढू नकोस, रोज लावतेस तर फोटोतही असू दे. काचेवर चमक आली तर काड्या कानावरून किंचित वर उचल, केसांत दिसतही नाहीत आणि चमक जाते. लिंक्डइन फोटो गोल कापून दाखवतं, म्हणून डोक्यावर थोडी जागा सोड. खांद्यापासून वरचा भाग पुरे. हेल्मेट घालून प्लांटमध्ये काढलेला एखादा फोटो असेल तर तो मुळीच लावू नकोस. केमिकल कारखान्यात बहुधा मोबाईलला बंदी असते, आणि सेफ्टीवाला माणूस आधी तेच बघेल.

आता नजर. सध्या इथे हमरापूर, जोहे, कळवे, कुठेही जा, गणपतीच्या कारखान्यांत पाय ठेवायला जागा नाही. रंगकाम पुष्कळजण करतात, पण डोळ्यांची आखणी ठरावीक हातांकडेच जाते. बारीक कुंचला, टेकवलेलं मनगट, रेघ ओढेपर्यंत रोखलेला श्वास. ती रेघ केसभर सरकली की बाकीची मूर्ती कितीही सुबक असो, बाप्पा भलतीकडेच बघतो. त्याच्या समोर बसणाऱ्याला तो आपल्याकडे बघतोय असं वाटलं पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा. फोटोचंही तेच. सेल्फी काढताना माणूस स्क्रीनवर स्वतःकडे बघत राहतो, आणि नजर लेन्सच्या खाली पडते. मागच्या कॅमेऱ्यात तो मोह उरत नाही. लेन्सकडे बघ, आणि नेमक्या त्याच वेळी धाकटीशी काहीतरी बोल. वाक्य संपल्यावर चेहऱ्यावर जे उरतं, ते टिपायला तिला सांग. ओढून आणलेलं हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

पंधरा-वीस फोटो काढा. त्यातला कोणता लावायचा हे मात्र तू ठरवू नकोस. ऑस्ट्रेलियात २०१७ साली एका विद्यापीठाने १०२ विद्यार्थ्यांचे फोटो घेऊन पाहिलं. स्वतः निवडलेल्या फोटोपेक्षा परक्यांनी निवडलेल्या फोटोतला माणूस इतर लोकांना जास्त विश्वासू आणि कर्तबगार वाटला. आपण आरशातल्या आपल्याला शोधत बसतो, दुसऱ्याला समोरचा माणूस दिसतो. आईलाही विचारू नकोस, तिला सगळेच आवडतील. कॉलेजच्या मॅडमना पाठव, आणि कंपनीत लागलेल्या एखाद्या सीनियरला. फक्त एवढंच विचार: हिच्याबरोबर काम कराल का?

आईची काळजी मला कळते. मुलीचा फोटो नेटवर असा उघडा टाकायचा म्हणजे तिच्या पोटात गोळा येणारच. तिला सेटिंग उघडून दाखव: फोटो कोणाला दिसावा हे तिथे ठरवता येतं. फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवलंस तर नोकरी देणाऱ्यालाच दिसणार नाही. लिंक्डइनच्या सगळ्या सदस्यांना दिसू दे, बाहेरच्या जगाला नको. हाच फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नकोस.

निवडून आलेले दोन-तीन फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून नको, बारकावे जातात. कडा कापून देईन, बाकी कशाला हात लावणार नाही.

तुझा
मामा