वाकणं आणि वाकवणं

'नम्र व्हा' हे कुणी कुणाला सांगायचं, हा माझा पहिला सवाल आहे.

आम्ही नगर जिल्ह्यातले. जात महार. आजा ख्रिस्ती झाला. आज्याचा बाप येसकरकी करायचा. गावाला जोहार घालता घालता त्याच्या पाठीचं धनुष्य झालं होतं म्हणतात. पेशवाईत याच पुण्यात अस्पृश्यांनी गळ्यात मडकं अडकवून हिंडायचं, थुंकी जमिनीवर पडता कामा नये, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. अशांच्या वंशाला पाळकसाहेब दर रविवारी डोंगरावरचं प्रवचन वाचून सांगतात, "बंधूंनो, नम्र व्हा." आता अजून किती व्हायचं? नाक जमिनीला टेकल्यावर पुढं वाकायला जागा कुठं उरते?

हा सवाल मी आईला विचारायचो. उत्तर तिनं तोंडानं कमी दिलं, जगून जास्त दिलं.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही पुण्यात आलो. त्याआधी गावाकडं खडी फोडली, सुकडी खाल्ली. इथं नाना पेठेत एक खोली मिळाली. बाप हमाली करायचा. पाच वर्षांत छातीच्या रोगानं गेला. आई एका दवाखान्यात वॉर्ड झाडायला लागली. तिथं चहाच्या वेळी सगळ्यांना एकसारखे कप, आणि आईसाठी खिडकीत ठेवलेला कान तुटलेला कप. आई ओरडली नाही. रडलीही नाही. "म्या घरनं पिऊन आले," म्हणाली आणि त्या कपाला आयुष्यात हात लावला नाही. पुढच्या महिन्यापासून तिनं घरून किटली न्यायला सुरुवात केली. दुपारी जिन्यात खेड्यापाड्यांतून आलेले रोग्यांचे नातेवाईक बसलेले असायचे. त्यांना ती चहा द्यायची.

पुढं ज्या बाईनं तो कप वेगळा काढला होता तिचीच म्हातारी त्या वॉर्डात आली. अंथरुणातच सगळं. आईनं तिला धुतलं, पुसलं, लुगडं बदललं. मी भडकलो. म्हटलं, "कशाला केलंस? तुझं काम झाडायचं."

आई म्हणाली, "लेकरा, वाकायचं तर आपल्या मर्जीनं वाकावं. येसूनं चेल्यांचे पाय धुतले ते काय कुणी हुकूम दिला म्हणून व्हय?"

त्या दिवशी मला नम्रता आणि लाचारी यांतला फरक कळला. ज्याला ताठ उभं राहता येतं त्यानंच वाकण्याला अर्थ आहे. मान धरून खाली दाबलेल्या माणसाला नम्र म्हणणं ही त्याची टिंगल आहे. कान तुटलेला कप घेतला असता तर ती लाचारी. म्हातारीला धुतलं ती नम्रता. दोन्ही एकाच बाईच्या हातून होण्यासारखं होतं. निवड तिनं केली.

चहाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पंचहौद मिशन आमच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. १८९० साली तिथं शहरातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनचा चहा आला. गोपाळराव जोशांनी बोभाटा केला, आणि एवढ्या चहापायी पुण्यात ग्रामण्य पेटलं, बहिष्कार झाला, प्रायश्चित्तं झाली. पुण्याच्या इतिहासात त्या पेल्यांना जागा आहे. आईच्या कपाला नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो.

आता भरवशाची गोष्ट. राष्ट्रपतींचा १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश आहे. त्याचा तिसरा परिच्छेद म्हणतो, हिंदू सोडून दुसरा धर्म पाळणारा अनुसूचित जातीचा धरायचा नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले. १९९० मध्ये बौद्ध आले. आम्ही अजून उंबऱ्याबाहेर. कचेरीत कारकून म्हणतो, "तुमच्या धर्मात जात नाही ना? मग दाखला कशाचा मागता?" साहेब, खोली भाड्यानं मागायला गेलो की मालक आडनाव विचारतो. त्याला धर्म सांगितला तरी त्याला जातच ऐकू येते. ही जात फक्त तुमच्या कागदालाच कशी दिसत नाही?

धाकटी बहीण १९८४ ला दहावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. जवळच्यांनी सल्ला दिला, "कागदावर हिंदू महार लाव. चर्चमध्ये काय म्हणायचं ते म्हण." तसं करणारे आमच्या गल्लीत होते. एकाच पोराला दोन नावं, एक शाळेचं, एक बाप्तिस्म्याचं. बहिणीनं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "फारम तुझा हाय. तूच लिव्ह." बहिणीनं ख्रिस्ती लिहिलं. राखीव जागा नाही, शिष्यवृत्ती नाही. दहा वर्षं ती आयाची नोकरी करत राहिली. ती काही संत नव्हती. रात्री भांडी आपटायची, देवाला शिव्या द्यायची. पुढं स्वतःच्या पैशानं शिकली आणि नर्स झाली, पण तोवर तिशी उलटली होती.

शेजारच्या पोरानं हिंदू लिहिलं. त्याला सरकारी नोकरी लागली. चर्चमधले त्याला यहूदा म्हणायला लागले. आई त्याच्या घरी जाऊन पेढा खाऊन आली. बहीण तणतणली. आई म्हणाली, "त्याच्या पोटाला भाकर लागती. देवाला त्याचं खरं नाव ठावं हाय." ज्या कागदानं एका पोराला भाकर आणि श्रद्धा यांतलं एक निवडायला लावलं, गुन्हेगार तो कागद आहे. निवडणारा नव्हे. एवढं कळणं हीसुद्धा नम्रताच.

देव अर्ज मंजूर करून देईल असा आईचा विश्वास नव्हता. देव आपल्या बाजूचा आहे, एवढाच होता. ती रोज सैपाकाआधी मूठभर पीठ बाजूला काढायची. बहिणीला जागा मिळाली नाही त्या दिवशीही काढलं. ते पीठ चर्चला कमी आणि शेजारच्या मातंग विधवेला जास्त जायचं.

आमच्या लोकांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. चर्चमध्ये जात नाही म्हणता, मग लग्नाच्या बोलणीत ती कुठून उगवते? पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आपल्याला पाठ. पण फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीनं १८५५ साली मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ख्रिस्ती लोकांच्याच 'ज्ञानोदया'त छापून आला, हे किती उपासनांत सांगितलं जातं? बाबासाहेबांनीही आमच्यावर ठपका ठेवला की धर्म बदलून जात गेली नाही आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध उभा राहिला नाही. तो ठपका मी मान्य करतो. स्वर्गाची आशा दाखवून पृथ्वीवरचा हक्क विसरायला लावणं ही आशा नव्हे, ती गुंगी आहे.

मग आशा कशाची? मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारा सूसाई नावाचा ख्रिस्ती चांभार सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारनं हिंदू चांभारांना टपऱ्या दिल्या, त्याला नाही. १९८५ मध्ये तो हरला. न्यायालय म्हणालं, नव्या धर्मातही जातीचा जाच तेवढाच आहे हे दाखवा. २००४ पासून पुन्हा याचिका आल्या. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं, ती धर्माची अट काढून टाका. काढली नाही. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. हा हिशेब निराशेचा वाटेल. पण बौद्ध भावांचं पाहा. १९५६ ला दीक्षा, १९९० ला केंद्राची मान्यता. मध्ये चौतीस वर्षं. ते हात जोडून बसले नव्हते, म्हणून ते वर्ष उजाडलं.

आई २००३ साली गेली. आता आम्ही सहाजण आहोत, दोन बौद्ध, एक मातंग, तीन ख्रिस्ती. पोरांचे अर्ज भरून देतो. तिसरा परिच्छेद समजावून सांगतो. धर्माच्या रकान्यात काय लिहायचं ते पोरानं ठरवायचं. आम्ही त्याचं बोट धरत नाही. प्रार्थना करतो आणि स्मरणपत्रंही पाठवतो. गुडघे टेकतो ते एकाच ठिकाणी. बाकी सगळीकडं उभं राहून बोलतो.