दिवाळीतले पुणे

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण साजरा करतात. पीक घरात आल्याबद्दल आभार मानण्याचा हा दिवस. शाळा-कचेऱ्यांना सुट्टी असते, दूरदूरची माणसे घरी येतात, आणि मग आसपासची शहरे पाहण्याचे, तेथील नवेनवे पदार्थ चाखण्याचे बेत रचले जातात. तेथे पीक आधी येते व सण मागून येतो. आमच्या मावळात मात्र या दोघांची गाठ मोठ्या गडबडीत पडते. दिवाळी दारात येऊन उभी राहते, तेव्हा भात अजून शेतातच असते.

आमचे कान्हे गाव पुणे-लोणावळा लोहमार्गावर, वडगाव आणि कामशेत या स्थानकांच्या मध्ये आहे. दिवाळीच्या सुमारास येथून जाल, तर दोन्ही बाजूंना पिवळी झालेली भातखाचरे दिसतील. पुष्कळ खाचरांत इंद्रायणी भात असते. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या दोन जातींच्या संकरातून हे वाण आमच्या शेजारच्या वडगावच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाले व १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. शिजताना त्याचा वास दारापर्यंत येतो. पण तो वास येण्याआधी कापणी, वाळवणी, पेंढ्या बांधणे, खळ्यावर झोडणी, अशी कितीतरी कामे उरकावी लागतात. नेमकी तीच वेळ दिवाळीच्या सुट्टीची! म्हणून आमच्या मुलांना ही सुट्टी सगळीच्या सगळी कधी मिळत नाही. पेंढ्या उचलायला आणि शेतावर भाकरी पोहोचवायला लहान हातही हवे असतात. त्यातून पुणे पाहण्यासाठी एखादा दिवस मिळालाच, तर तो घरच्या मोठ्या माणसांनी आपल्या अंगावर अधिक काम घेऊन दिलेला असतो.

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून नातवंडांना पुण्यास नेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. या कामात माझे काही नियम ठरून गेले आहेत. पहिला नियम असा, की लक्ष्मीपूजन व पाडवा या दिवशी जेवणाच्या आशेने शहरात जाऊ नये. स्वयंपाकी आणि वाढपीसुद्धा आपापल्या गावी दिवाळीला गेलेले असतात, व कित्येक उपाहारगृहांच्या दारांना कुलपे असतात. (त्यांनी का जाऊ नये?) भाऊबीज झाली, की शहर पुन्हा जागे होते. दुसरा नियम, पाहावे थोडे पण पुरते पाहावे. दिवसभरात दहा ठिकाणांची धूळ पायाला लावून येणाऱ्या सहली मी शाळेत असताना पुष्कळ पाहिल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी, माझा नातू आणि नात असे तिघे सकाळच्या लोकलने निघालो. या मार्गावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी धावू लागली ती १८५८ साली. लोकल गाड्या मात्र १९७८ साली सुरू झाल्या. त्याआधी आमच्या गावच्या माणसाला पुणे आजच्याइतके जवळ वाटत नसे. शिवाजीनगरला उतरून, नदीवरचा पूल ओलांडून आम्ही शनिवारवाड्यापाशी आलो. १७३२ साली या वाड्याची वास्तुशांत झाली आणि १८२८ सालच्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. उरला आहे तो तट, जोती आणि दिल्ली दरवाजा. दरवाजावरील टोकदार खिळे हत्तीची धडक थोपवण्यासाठी आहेत, हे सांगताच नातवाने हात वर करून हत्तीचे मस्तक कोठवर पोहोचेल, याचा अंदाज घेतला.

नंतर नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खाल्ली. कोल्हापूरकर तिला हसतील. परंतु मुलांच्या जिभेला ती मानवते. वरून वाढतात त्या जास्तीच्या रश्शाला पुण्यात ‘सॅम्पल’ म्हणतात, हे ऐकून नातीला हसू आवरेना.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलो. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांनी गावोगाव हिंडून रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या: दिवे, अडकित्ते, विळ्या, कुलपे, पाय घासायच्या वज्रीसुद्धा. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी या संग्रहाला त्याचे नाव दिले आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजवाड्यांतील रत्ने पाहून माणूस थक्क होतो. येथे तो आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात जातो. दिव्यांच्या दालनातून नात हलेचना. तिच्या आईने आदल्या दिवशी तुळशीपाशी लावलेल्या पणतीची थोरली भावंडे तिला येथे भेटली होती.

सदाशिव पेठेतून जाताना एका जुन्या वाड्याच्या अंगणात मुलांनी मातीचा किल्ला केलेला दिसला. तो लोहगड होता. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला हा गड आम्हा मावळकरांच्या घरचाच. नातू उकिडवा बसून तो निरखू लागला आणि हळूच म्हणाला, “विंचूकाटा विसापूरच्या बाजूला नसतो. तो पलीकडे हवा.” पुण्याच्या मुलांनी क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिले. मग चौघांनी मिळून विंचूकाटा उचलून पश्चिमेला नेला. मावळे मात्र जागच्या जागी राहिले.

महात्मा फुले मंडईत आम्ही पोहोचलो, तेव्हा दुपार झाली होती. ही इमारत १८८६ साली उघडली. तिच्यावर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करावा, असे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांचे मत होते. आज तिलाच त्यांचे नाव आहे. जवळच्या एका धान्याच्या दुकानात पोत्यांवर ‘मावळ इंद्रायणी’ अशी पाटी होती. नातीने मूठभर तांदूळ उचलून वास घेतला व दुकानदाराला विचारले, “हा नवा आहे का?” तो म्हणाला, “नाही बाळ, नवा अजून शेतात आहे.”

ते शब्द ऐकून नातू बाहेर गेला आणि त्याने वर पाहिले. पश्चिमेकडे आभाळ काळवंडले होते. “आजोबा,” तो म्हणाला, “आपले भात कापून पडले आहे.”

पर्वतीच्या १०३ पायऱ्या अजून चढायच्या होत्या. मस्तानी प्यायची राहिली होती, आणि तिच्यासाठी नातीने सकाळपासून पोटात जागा राखून ठेवली होती. मी काही बोललो नाही. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. नात म्हणाली, “पर्वती कोठे जाते?” आणि तिनेच माझा हात धरून स्टेशनचा रस्ता दाखवला. वाटेत बाकरवडीचा एक पुडा तेवढा घेतला.

देहूरोडच्या पुढे खिडकीवर थेंब आले. कान्ह्याला उतरून आम्ही घरी न जाता परस्पर शेतावर गेलो. तेथे माझा मुलगा, सूनबाई आणि शेजारची चार माणसे पेंढ्या बांधून बांधावरच्या उंचवट्यावर आणीत होती. मुलांनी नवे कपडे गुडघ्यांपर्यंत दुमडले. मी ताडपत्रीचे एक टोक धरून उभा राहिलो. माझ्या वयाला तेवढेच काम दिले गेले. दोन खाचरांतले भात झाकले गेले, तिसऱ्यातले भिजले.

अंधार पडल्यावर गोठ्यात बसून सर्वांनी बाकरवडी खाल्ली. नातू लोहगडाची हकीकत सांगत होता. सूनबाईने विचारले, “आणि पर्वतीवरून काय काय दिसले?”

“ती या वर्षी बंद होती,” नात म्हणाली, आणि तिने आईच्या हातावर आणखी एक बाकरवडी ठेवली.