प्रवासाचा कॅमेरा आपल्याही हाती असावा

आपला समाज वर्षभर प्रवास करणारा समाज आहे. 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 20 मार्चला महाड, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी आणि 6 डिसेंबरला दादरची चैत्यभूमी. पिशवीत चटणी-भाकर, कडेवर लेकरू, अशी आपली माणसे रेल्वेच्या डब्यात उभ्याने जातात. आता हातोहाती मोबाइल असल्याने चित्रणही पुष्कळ होते. पण घरी आल्यावर पाहावे तर हलणारी गर्दी, वाऱ्याची घरघर आणि आपलाच चेहरा! चित्रण करणे वेगळे, फिल्म घडवणे वेगळे आणि त्यावर पोट भरणे तर त्याहून वेगळे. या तिन्हींविषयी आम्हाला आज समाजबांधवांशी, विशेषतः तरुण मुलामुलींच्या आईवडिलांशी बोलायचे आहे.

आम्ही पेशाने कारकून. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालवतो. तीन वर्षांपूर्वी वर्गातल्या एका बी.ए. झालेल्या मुलीने घरी सांगितले, की मी प्रवासाच्या फिल्म करणार. तिचे वडील सफाई खात्यातून निवृत्त झालेले. ते तडक आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, तुम्हीच समजवा तिला. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, ते हे शूटिंग करत हिंडायला व्हय?"

त्यांची भीती खोटी नव्हती. नोकरीच्या पगारावरच आपल्या किती घरांना पक्क्या भिंती आल्या. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पैशाची किंमत आपल्याला जितकी कळते तितकी कुणाला कळणार? आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "दादा, दोन वर्षे द्या. स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही ती सोडणार नाही. पैशाचा हिशेब आम्ही लिहू. वही काय सांगते ते बघू आणि मग ठरवू."

तिने महागडा कॅमेरा घेतला नाही. घरातलाच मोबाइल, एक तिपाई आणि कॉलरला लावायचा छोटा माइक, एवढ्यावर सुरुवात केली. पहिले तीन महिने ती शहरामागच्या औरंगाबाद लेण्यांतच जात होती. एक दृश्य हात न हलवता दहा सेकंद धरायचे. आधी सगळा डोंगर, मग लेणे, मग शिल्पाची बोटे, असे दुरून जवळ यायचे. चित्र थोडे कमी-जास्त चालते, पण आवाज खराब असेल तर माणूस उठून जातो, हे ती पहिल्याच महिन्यात शिकली. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, तेव्हा ऊन आत येते ते दुपारनंतर. अजिंठ्याला फ्लॅशला बंदी आहे, म्हणून आहे त्या मंद उजेडात काम करावे लागते. तिपाई लावून धंद्यासाठी चित्रण करायचे तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी काढावी लागते. संकलन तिने विहारातल्या संगणकावर मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केले. ज्यांना जमेल त्यांच्यासाठी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे लहान मुदतीचे अभ्यासक्रमही असतात.

पण हात बसला म्हणजे डोळा आला असे नाही. आम्ही तिला बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचायला दिले. हे आपले प्रवासवर्णनच आहे. 1901 साली वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच गाडीवान मिळेनासा होतो. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती जातात आणि वाटेत घोटभर पाणी मिळत नाही. 1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादला थांबले. किल्ल्याच्या दाराशी हौदावर त्यांनी हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून गदारोळ झाला. शेवटी आत सोडले ते पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि बरोबर शिपाई देऊन! आज त्याच रस्त्याने रोज पर्यटकांच्या गाड्या जातात. चांदमिनाराचे चित्रण होते, तोफेचे होते. ही हकीकत कोण सांगतो?

आता पोटापाण्याचे. यूट्यूबवर टाकले की पैसे येतात हा भ्रम आधी सोडावा. जाहिरातीचा वाटा मिळायला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहणी लागते. त्यासाठी मोठ्या फिल्म न करता छोट्या चित्रफितीच टाकल्या, तर त्या नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिल्या जाव्या लागतात. तिला पहिल्या वर्षी तिथून छदाम आला नाही. पैसे आले ते मंगलपरिणयाच्या चित्रणातून, एका शाळेच्या सहलीतून आणि लेण्यांजवळच्या एका लहान हॉटेलच्या कामातून. आमच्या वहीत त्या वर्षाची जमा 68,400 रुपये, खर्च 39,150 आणि शिल्लक 29,250. दुसऱ्या वर्षी शिल्लक लाखावर गेली. वडिलांनी वही दोनदा वाचली आणि काही न बोलता चहा मागवला.

त्याच सुमारास एका सहल कंपनीने तिला वेरूळच्या वाटेवरची फिल्म करायला सांगितले. तिने दौलताबादच्या हौदाची हकीकत त्यात घातली. मालक म्हणाले, "हे काढा. लोक मौज करायला येतात." फिल्म त्यांच्या पैशाची, तेव्हा तिने तो भाग काढून दिला. पण कामाआधी आम्ही एक पानी करारपत्र करून घेतले होते. मूळ चित्रणाचा आणि त्यातून दुसरी फिल्म करण्याचा हक्क तिचा राहील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फिल्म केली आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक पैसे देणाराच ठरतो. आपल्या मुलांनी हे पाठ करून ठेवावे. एका कागदामुळे तिची अकरा मिनिटांची स्वतंत्र फिल्म झाली. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर ती दाखवली, तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आयाबाया हौद दिसताच पदर डोळ्याला लावून बसल्या. शाळेच्या पाणवठ्यापाशी आपल्यालाही कसे थांबवले, ते नातवंडांना सांगू लागल्या. त्या आठवणीही तिने नंतर टिपून घेतल्या.

हा मार्ग नवा नाही. सोमनाथ वाघमारे यांनी 2017 साली भीमा कोरेगाववर माहितीपट केला, तो आपल्याच माणसाच्या डोळ्यांतून पाहिलेला आहे. बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढला, तो आपली बाजू दुसरे मांडणार नाहीत हे ओळखूनच. कॅमेरा ही आजची छापखान्याची खिळे जुळवणी समजा.

म्हणून आमचे आईवडिलांना सांगणे आहे, की मुलीने कॅमेरा मागितला तर एकदम नाही म्हणू नका आणि एकदम कर्जही काढू नका. मुदत ठरवा, वही घाला. आणि तरुणांनो, येत्या 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाल तेव्हा स्वतःकडचा कॅमेरा फिरवून त्या रांगेत रात्रभर उभ्या असलेल्या आजीकडे धरा. तिला विचारा, कुठून आलीस, कशी आलीस. दहा सेकंद हात हलू देऊ नका.

जयभीम! नमो बुद्धाय!