विळीवरचे बसणे

अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या अष्टागरातले किंवा त्याखाली मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांमधले जुने घर पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्या घरातले जवळजवळ सारे काम जमिनीपासून वीतभर उंचीवर चाले. चूल जमिनीलगत असे, जाते जमिनीत रोवलेले असे, जेवायला पाट मांडले जात आणि झावळ्यांची झापे विणायची, सुपारी सोलायची किंवा पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालायच्या त्या अंगणात नाहीतर पडवीत बैठक मारूनच. या सगळ्या बैठ्या कामांचे जणू मुख्यालय म्हणजे विळी. लाकडी पाट, त्यावर उभे वाकडे पाते आणि पात्याच्या टोकाला नारळ खोवण्यासाठी दातेरी खवणी, एवढीच तिची रचना. मात्र ती चालते ती माणसाच्या वजनावर. एका पायाने पाट दाबून धरायचा, तो गुडघा उभा, दुसऱ्या पायाची मांडी घातलेली आणि दोन्ही हात मोकळे, अशी ही बैठक आहे. ज्या अवजाराचा अर्धा भाग वापरणाऱ्याचा गुडघा असतो, त्या अवजाराचा इतिहास गुडघ्याला वगळून लिहिता येत नाही.

या किनाऱ्यावरच्या स्त्रीच्या आयुष्यात विळी आठव्या-नवव्या वर्षी येते आणि पहिल्यांदा तिच्या हाती भाजी दिली जात नाही, नारळाची कवड दिली जाते. कारण खवणीला बोट लागले तर खरचटते, पात्याला लागले तर कापते. पुढे लग्नात भांड्यांबरोबर नवी विळी येते आणि सासरच्या जुन्या विळीशेजारी काही वर्षे नुसती उभी राहते. त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे रोजचा नारळ, रोजची मासळी, श्रावणातल्या पालेभाज्या, गणपतीतले मोदकांचे सारण आणि मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचे पाहुणचार या क्रमाने जातात. या काळात गुडघ्याची कोणी वेगळी दखल घेत नाही. उठताना हात जमिनीला टेकावा लागतो, मग भिंतीला, मग सुनेच्या खांद्याला. आणि ही प्रगती (उलट्या दिशेची असली तरी क्रम पाहता प्रगतीच) इतकी संथ असते की तिला दुखणे म्हणावे की वय, हे ठरवायचे राहूनच जाते.

वैद्यकात या अवस्थेला गुडघ्याचा झिजेचा संधिवात म्हणतात. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे सांध्यातले गुळगुळीत आवरण, विरत जाते, सांध्याची कड वाढते आणि हालचालीला वेदना चिकटते. वय, वजन आणि आनुवंशिकता ही त्याची मोठी कारणे असली, तरी बैठकीचाही त्यात वाटा असल्याचे दिसते. बीजिंगमधील वृद्धांच्या एका पाहणीत तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवे बसणाऱ्यांमध्ये हा संधिवात अधिक आढळला होता. विळीवर दोष ढकलण्याचे मात्र कारण नाही; ज्या बैठकीने गुडघा झिजतो, तिनेच तो अनेक वर्षे लवचिक राखलेला असतो. खरा घोळ मराठीत ज्याला ‘दुखणे अंगावर काढणे’ म्हणतात त्या सवयीचा आहे. वेदना असताना ती नसल्यासारखे काम रेटत राहणे, हा त्या वाक्प्रचाराचा अर्थ. त्यात कौतुकाची छटा आहे आणि तिथेच घात आहे.

अखेरीस गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपयांवर आणली. त्यानंतर हा उपाय मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात थोडा अधिक आला. २०२० मध्ये मांडवा आणि भाऊचा धक्का यांच्यात गाडीसह नेणारी रो-रो बोट सुरू झाल्याने मुंबईच्या रुग्णालयात तपासणीला जाणेही सुकर झाले, कारण टाके ओले असताना हलत्या लाँचमध्ये पाऊल टाकणे ही काही किरकोळ बाब नव्हे. पण घरी पाठवताना मिळणाऱ्या सूचनांच्या कागदावर खाटेवरचे व्यायाम, जिना चढताना चांगला पाय आधी व उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एवढे सांगून झाल्यावर एक ओळ असते: मांडी घालू नये, उकिडवे बसू नये. नेहमीचा कृत्रिम सांधा साधारणतः ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो, तर जमिनीवरच्या बैठकीला १३० अंशांहून अधिक वाक लागतो; अलीकडे अधिक वाकणारे सांधे निघाले असले, तरी बहुतेक रुग्णांना सावधगिरीचीच सूचना मिळते. वैद्यकीयदृष्ट्या ही ओळ साधी आहे. ज्या घरात टेबलाच्या उंचीवर फारसे काही नाही, त्या घरात मात्र ती एका माणसाला स्वयंपाकघरातून, देवघरापुढून आणि जेवणाच्या पंगतीतून एकदमच उठवते.

त्यानंतरच्या काही महिन्यांत वेदनेची भाषा नव्याने शिकावी लागते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचाही अप्रिय अनुभव असून, ऊतींना इजा झालेली असो वा नसो, तो इजेसारखाच जाणवू शकतो. म्हणजे प्रत्येक दुखण्यामागे नवे नुकसान असेलच असे नाही. हे तत्त्व पुस्तकात सोपे आणि रात्री दोन वाजता अवघड असते. रोनाल्ड मेल्झॅक या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदनेच्या वर्णनाचे शब्द गोळा करून त्यांची प्रश्नावली तयार केली. मराठी घरांत तिची उणीव भासत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यातला ठणका, व्यायामानंतर स्नायूंना येणारी रग, वळताना निघणारी चमक, टाक्यांभोवतीची आग, सुजेखालची ठसठस आणि मध्येच उठणारी कळ, या साऱ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रग आली तर व्यायाम लागू पडला असे समजावे. पोटरीत एकाएकी दुखून सूज चढली किंवा ताप येऊन जखम लालसर झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. नुसते ‘दुखतंय’ म्हणणाऱ्याला हा भेद करता येत नाही आणि त्याला समजावणाऱ्यालाही तो कळत नाही.

सर्वांत फसवा असतो तो चांगला दिवस. शिमग्यानंतर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीचा पाचवा-सहावा महिना नेमका गणपतीत येतो. काठी सुटलेली असते, अंगणाची फेरी जमू लागलेली असते आणि येणारा-जाणारा ‘वहिनी, आता अगदी बऱ्या दिसता हो!’ असे म्हणत असतो. त्या भरात ती ओट्याशी उभी राहून तीन नारळ खोवते, सारण ढवळते, एकवीस मोदकांच्या पाऱ्या हातानेच करते, आरतीला शेवटपर्यंत उभी राहते. त्या दिवशी काहीही दुखत नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा गरम होऊन भोपळ्यासारखा फुगतो, चार दिवस खाट सुटत नाही आणि मनात येते की ऑपरेशन फुकट गेले. बहुतेक वेळा सांध्याला काहीही झालेले नसते. शक्तीचा हिशेब तेवढा चुकलेला असतो. पण हेच चक्र, म्हणजे चांगल्या दिवशी उधळपट्टी आणि मग सक्तीची विश्रांती, महिन्यातून दोनदा फिरू लागले की माणूस हळूहळू चांगल्या दिवसालाच भिऊ लागतो, आणि ती भीती सुजेपेक्षा जास्त काळ टिकते.

सिअॅटलमधील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात या चक्रावर एक तोडगा मांडला. थांबण्याची वेळ वेदनेने ठरवायची नाही, आधीच ठरवलेल्या मात्रेने ठरवायची. दहा मिनिटे चालायचे ठरले असेल तर बरे वाटते म्हणून वीस मिनिटे चालायचे नाही आणि थोडे दुखते म्हणून पाचवर आटपायचे नाही. दर आठवड्याला ही मात्रा किंचित वाढवायची. अमेरिकेत हे तंत्र म्हणून शिकवावे लागले. अलिबागच्या किनाऱ्यावर त्याचा नमुना डोळ्यांसमोर आहे. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते, पण तिथून परतायचे ते पाणी घोट्याला लागल्यावर नव्हे. पाणी लागते तोवर मधली वाट गेलेली असते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी पुरते हटत नाही, हे ठाऊक असलेला मनुष्य निघण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवतो आणि किल्ल्यातल्या गणेशमंदिरासमोर कितीही प्रसन्न वाटले तरी त्या वेळेला उठतो. समुद्राला भिऊन तो उठत नाही, हे वेगळे सांगायला नको. ज्या समाजाने हे पाण्याबाबत पिढ्यान्‌पिढ्या पाळले, त्याने स्वतःच्या हाडांबाबत ‘अंगावर काढणे’ हाच बाणा का मानावा, हे कोडे आहे. मराठीत दुसराही वाक्प्रचार आहे, ‘कळ काढणे’: दम धरणे, वेळेची वाट पाहणे. क्रियापद तेच, वागणूक मात्र उलटी, आणि गुडघ्याला हवा असतो तो हा दुसरा अर्थ.

हे सारे पाळूनही काहींचे दुखणे राहतेच. या शस्त्रक्रियेनंतर साधारण पाचांतला एक रुग्ण पुरता समाधानी नसतो, असे अनेक देशांतील पाहण्या सांगतात. त्याला नशीब म्हणून गप्प बसवणे किंवा व्यायामाचा आळस म्हणून दटावणे, दोन्ही सारखेच अन्यायाचे. त्याहून कमी बोलले जाते ते हक्काच्या जागेबद्दल. विळीवर बसलेली स्त्री स्वयंपाकघराच्या मध्यभागी असते, तिला विचारल्याशिवाय नारळ फुटत नाही. खुर्चीवर बसवलेली तीच स्त्री दारापाशी सरकते आणि तिच्या डोक्यावरून वस्तू इकडच्या तिकडे जाऊ लागतात. सुना प्रेमानेच ‘आई, तुम्ही बसा’ म्हणतात, पण त्या वाक्यात तिच्यासाठी काम नसते.

म्हणून काही घरांत ओट्याला रबरी तळव्याने चिकटणारी, मुठीने फिरवायची खवणी आली आहे. तिला पायाचे वजन लागत नाही, तिचा खोबऱ्याचा कीस थोडा जाड पडतो आणि जुन्या हातांना ही तक्रार बरेच दिवस पुरते. जुनी विळी पाते भिंतीकडे करून ओट्याखाली उभी असते. उंच स्टुलावर बसून सासूबाई एक कवड खोवतात, घड्याळाकडे पाहतात आणि दुसरी कवड, हात अजून दुखत नसतानाही, झाकून उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात.