पक्क्या बिलाचा कॉम्प्युटर



मागच्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत दोघी-तिघींनी विचारलं, "तुमच्या लेकीनं म्हणे घरीच कॉम्प्युटर जोडला? किती खर्च आला?" मी आकडा सांगून मोकळी झाले. पण त्या आकड्यामागे एक गोष्ट आहे, ती सगळ्यांसमोर सांगायला तेव्हा जीभ रेटली नाही. आज लिहूनच टाकते.

गोष्ट २०२३ सालची. लेक डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेली होती, शाखा कॉम्प्युटर. घरात कॉम्प्युटर नव्हता. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ती प्रोग्राम करायची आणि रात्री फोनवर चुका शोधत बसायची. माझी भिशी त्याच सुमारास लागली. लॅपटॉप घेऊया असं माझ्या डोक्यात होतं. ती म्हणाली, "मम्मी, तेवढ्याच पैशात सुटे भाग आणून जोडला तर जास्त चांगला होईल. आणि पुढे एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येईल." हे दुसरं मला पटलं. मिक्सरचं एक भांडं गळायला लागलं म्हणून आपण मिक्सर टाकून देत नाही.

माझा एक नियम आहे. आधीच्या एका चातुर्मासात माताजींकडून परिग्रह-परिमाणाचा छोटा नियम घेतला होता, की घरातल्या कुठल्याही मोठ्या खरेदीचा आकडा आधी वहीत लिहायचा आणि दुकानात वस्तू बघितल्यावर तो वाढवायचा नाही. त्याप्रमाणे मी वहीत लिहिलं, कॉम्प्युटर, ३५,००० रुपये. लेकीनं सही केली, मी केली.

मग तिनं मला एकेक भाग समजावून सांगितला. तुम्हालाही सांगते, कारण दुकानात गेल्यावर ही नावं कानावर आदळतात आणि आपण नुसत्या मान हलवत राहतो.

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे ओटा, जेवढा मोठा तेवढी जास्त भांडी एका वेळी मांडता येतात. एसएसडी म्हणजे कोठीची खोली, जिथे सगळं साठवून ठेवायचं. मदरबोर्ड म्हणजे स्वयंपाकघरच, सगळं त्यात बसतं. म्हणून प्रोसेसर आणि बोर्ड यांचं जमतं का हे आधी बघायचं. बोर्डावरच्या ज्या खाचेत प्रोसेसर बसतो तिला सॉकेट म्हणतात. आम्ही घेतलेला प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, त्याचं सॉकेट एएम४, आणि बोर्ड ए५२० जातीचा. बोर्ड दुकानात जुना पडलेला असेल तर त्याचं बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, तेही विचारून घ्यायचं.

हाच प्रोसेसर का? लेकीच्या मनात ग्राफिक्स कार्ड होतं. त्या एका कार्डालाच आमच्या आकड्यातला निम्म्याहून जास्त भाग गेला असता. मी विचारलं, "अभ्यासाला लागतं का?" ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "नाही, गेमला लागतं." मी काही बोलले नाही. तिनंच यादीतून ते खोडलं. या प्रोसेसरच्या पोटातच चित्र दाखवायची सोय आहे, वेगळं कार्ड लागत नाही. मात्र त्यासाठी तो रॅममधला थोडा वाटा वापरतो. म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्यायच्या. दोन हातांनी पोळ्या केल्यासारखं, काम भरभर होतं. उद्या खरोखर गरज लागली तर कार्डाची जागा बोर्डावर रिकामीच आहे.

एका जागी मात्र तिनं मला काटकसर करू दिली नाही. कॅबिनेटबरोबर स्वस्तातला एसएमपीएस येतो, त्यात दोन हजार तरी वाचतात, तोच घेऊ असं मी म्हणत होते. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून आतल्या भागांना देणारा डबा. तो हलका असेल आणि बिघडला, तर कधी कधी आपल्याबरोबर बोर्डही घेऊन जातो. लेक म्हणाली, "मम्मी, हे आपलं पाण्याचं गाळणं आहे. तू गाळण्याला विरलेलं फडकं वापरशील का?" झालं, बोलणंच खुंटलं. ४५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ लिहिलेला घेतला.

यादी अशी झाली. प्रोसेसर ११,८००, बोर्ड ६,२००, रॅम ३,४००, ५०० जीबीची एसएसडी २,७००, एसएमपीएस ३,०००, कॅबिनेट २,४००, कीबोर्ड-माऊस ९००, आणि २२ इंची मॉनिटर ७,२००. एकूण ३७,६००. हे तेव्हाचे दर, आज वेगळे असतील. म्हणजे वहीतल्या आकड्याच्या २,६०० वर.

दुकानदार भला माणूस. आमचा चेहरा बघून म्हणाला, "ताई, पक्कं बिल नको असेल तर ३४,००० मध्ये बसवतो. विंडोज आणि ऑफिस माझ्याकडून फुकट टाकून देतो. सगळे असंच नेतात." खरं विंडोज विकत घ्यायचं तर तेव्हा दहाएक हजार जायचे. मी एका क्षणात हिशोब केला. आकड्याच्या आत, हजार रुपये शिल्लक, वर विंडोज! दोन हजार आगाऊ देऊन आले. येताना रिक्षात लेकीला म्हणाले, "बघ, नियम पाळला की वाट निघते."

दोन दिवसांनी दशलक्षण पर्व सुरू झालं. कॉम्प्युटर पर्व झाल्यावर आणायचा ठरलं होतं. पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतात हे आपल्याला ठाऊकच आहे. चौथ्या दिवशी उत्तम शौच, लोभाचा मळ धुण्याचा दिवस. त्या दिवशी मी मनात म्हटलं, चला, ग्राफिक्स कार्डाचा लोभ आपण आधीच धुतला!

सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. दरवर्षी ऐकते. अचौर्याचे अतिचार आले. तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणं. विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचे नियम मोडून व्यवहार करणं. पंडितजींनी आजच्या भाषेत सांगितलं, "कर चुकवणं." शेजारी लेक बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, समोरच बघत राहिली. ती बघितली असती तर बरं झालं असतं.

फुकटचं विंडोज हे तदाहृतादान, आणि बिलाशिवायचा माल हा दुसरा अतिचार. म्हणजे परिग्रहाचा नियम पाळायला मी अचौर्याला खिंडार पाडत होते, आणि वर लेकीला त्याचा धडा म्हणून सांगितलं होतं! चोरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुलूप तोडणारा येतो. दोन हजार आगाऊ देऊन हसत बाहेर पडणारी बाई येत नाही.

त्या दिवशी सूर्यास्ताआधी जेवायला बसलो तेव्हा मी सांगितलं, "मी उद्या दुकानात फोन करणार आहे. पक्कं बिल घ्यायचं." आमच्या ह्यांचं कापडाचं दुकान आहे. ते म्हणाले, "अगं, धंद्यात हे असंच चालतं. त्याच्या एकट्याच्या बिलानं काय होणार?" त्यावर लेकीनं सहज विचारलं, "पप्पा, आपल्या दुकानात पण कच्ची चिठ्ठी देतात का?"

कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी ताटातला भात संपवला, पाणी पिऊन हात धुतला आणि माळ घेऊन बसल्या. हे उठून बाहेर गेले. मला लेकीचा राग आला आणि तिचं बरोबरही वाटलं. रात्री मी तो विषय पुन्हा काढला नाही. ज्याचं प्रतिक्रमण त्यानं करायचं, हे मला तेवढं कळतं.

पण माझा प्रश्न तसाच होता. पक्कं बिल म्हणजे ३७,६००, वहीत ३५,०००. वहीतला आकडा खोडून नवा लिहायचा का? तेही मन मानेना. लेकीनं यादी पुन्हा काढली. प्रोसेसर हलका करू म्हणाली. मी म्हटलं, नको, ते तुझं रोजचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे दुकानातून आले ते हातात जुनी चादर गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. दुकानाच्या माळ्यावर पडलेला १९ इंची मॉनिटर. बिलाचं नवीन मशीन घेतल्यापासून तो तसाच धूळ खात होता. "चालतो का बघा," एवढंच म्हणाले. लेकीनं त्याची मागची बाजू बघितली, जुन्या पद्धतीचं व्हीजीए कनेक्शन. आमच्या यादीतल्या बोर्डालाही ते होतं. नवा मॉनिटर खोडला, एकूण ३०,४०० झाले. वाचलेल्या पैशातून २,९०० चा ६०० व्हीएचा यूपीएस घेतला, कारण पावसाळ्यात सांगलीत लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सगळं मिळून ३३,३००, जीएसटीसकट, पक्क्या बिलावर. दुकानदाराला फोन केला तेव्हा तो हसला, पण बिल नीट दिलं. प्रत्येक भागाचा नंबर त्यावर लिहून दिला.

क्षमावाणी झाल्यावरच्या रविवारी आम्ही तो जोडला. हॉलमधली सतरंजी काढून टेबलावर मांडलं. मी नायलॉनची साडी नेसले होते, तर लेकीनं मला बदलून यायला लावलं. तसल्या कापडाच्या घर्षणानं अंगात वीज साठते आणि तिचा चटका नाजूक भागांना बसू शकतो म्हणे. हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करायचा, हे ती दर पाच मिनिटांनी बजावत होती. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. पंखा त्याच्या खोक्यातच येतो आणि त्याच्या बुडाला लेप लावलेला असतो.

साडेचारला बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. माझ्या पोटात गोळा आला. तेहतीस हजार! लेकीचे डोळे भरले. मी म्हटलं, "आधी चहा घेऊ. बिल आहे ना आपल्याकडे? वॉरंटी आहे." तेव्हा मला त्या कागदाची खरी किंमत कळली. चहा घेऊन तिनं रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून परत बसवल्या. एक नीट बसलीच नव्हती. दोन्ही टोकांना 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबावं लागतं, भीतीपोटी आम्ही हलकंच दाबलं होतं. पुन्हा बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली. सासूबाईंनी बसल्या जागेवरून णमोकार म्हटला.

विंडोजऐवजी लेकीनं लिनक्स मिंट टाकलं. लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं केली. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली आणि ते सगळ्यांना मोकळं ठेवलं. फुकट आहे, आणि चोरीचं नाही. आपल्या चार दानांत शास्त्रदान आहे, मला तर हे त्याच्याच जवळचं वाटलं. तिचं सी, जावा, पायथॉन सगळं त्यावर चालतं. मंडळाचा जमाखर्च मी लिब्रेऑफिसमध्ये ठेवते, मराठीत टाइप करते. अडचण नाहीच असं नाही. कॉलेजातून आलेल्या वर्डच्या फाइलची मांडणी कधी कधी विस्कटते, मग ती कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन नीट करते. तुमच्या मुलांना एखादं ठरावीक सॉफ्टवेअर विंडोजवरच लागत असेल, तर विंडोजचे पैसे पहिल्याच दिवशी यादीत धरा आणि दुसरं काहीतरी कमी करा.

वहीत त्या पानावर आता ३५,००० च्या खाली ३३,३०० लिहिलेलं आहे आणि पक्कं बिल टाचणीनं लावलं आहे. त्याच्याच खाली मी आगाऊ दिलेल्या दोन हजारांची तारीखही लिहून ठेवली आहे. तो दिवस मला विसरायचा नाही.

आमच्या ह्यांच्या दुकानाचं विचाराल तर मी विचारलेलं नाही. एवढंच सांगते की अधूनमधून संध्याकाळी ते लेकीच्या शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "यात बिलं पण करता येतात का गं?"

जय जिनेंद्र.